मीठवालीचं राहिलेलं मीठ

क्योतो, उझुमासा
९ ऑक्टोबर २०१४

शिगुरे मायोसान यांना,

गल्लीतल्या झाडाला केशरी काकी-फळं धरली आहेत आणि कावळे माझ्याआधी उठून त्यांचा समाचार घेतात. तुमच्याकडे समुद्रावरचे वारे सुरू झाले असतील. तब्येत कशी आहे?

घाबरू नका, पडद्यावरचं हे नाव पाकिटावर घातलेलं नाही. पाकिटावर ओकुमुरा किनुए असंच आहे. आपल्या वेशभूषेतल्या सेकीबाई वसंतात गेल्या. त्यांच्या भाचीने नववर्षाच्या जुन्या पत्रांची पेटी माझ्या हवाली केली, त्यात तुमचा पत्ता मिळाला.

मी नोगामी तोकुजी. तेन्मेई स्टुडिओत वार खाऊन मरणाऱ्या सात जणांपैकी एक. 'मीठवाली ओमित्सु'मध्ये तुम्ही मला दहा वेळा ठार मारलंत, तेव्हा थोडीफार ओळख असायला हरकत नाही. जुगारअड्ड्याचा रखवालदार मी, होडीवाला मी, लाचखाऊ शिपाई मी, खोटा भिक्षूही मीच. पडद्यावर तुम्ही पन्नासेक माणसं कापलीत, पण मरणारे आम्ही सातच. टोप बदलायचा, मिशी चिकटवायची आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. शेवटच्या दिवशी, मीठ पसरून केलेल्या बर्फातल्या त्या प्रसंगाला, मी नव्हतो, तापाने घरी पडलो होतो. म्हणून दहाच.

आता कामाचं. आपल्या सिनेमाची रिळं एका गरम झऱ्याच्या खानावळीत माळ्यावर सापडली. इथे नदीच्या पुलाजवळ साठ खुर्च्यांचं एक थिएटर आहे, ते हायामा नावाचा तरुण चालवतो. तो १४ फेब्रुवारीला सिनेमा दाखवणार आहे. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण ज्यांचे बाप तेव्हा शाळेत होते अशी पोरं-पोरी ओमित्सुचं चित्र छातीवर छापून हिंडतात. कावडीच्या दांड्यातून तलवार उपसणारी मीठवाली! संवाद तोंडपाठ आहेत लेकरांना.

सातांतले सहा गेले. शेवटचा साकुमा, या उन्हाळ्यात. आता मरायला मी एकटाच उरलोय. माझ्या शेजारी बसून तो सिनेमा बघायला तुम्ही याल का? दुसरं काही मागणं नाही.

नोगामी तोकुजी

•

इतोइगावा
२० ऑक्टोबर २०१४

नोगामी तोकुजीसान,

पत्र मिळालं. मी येणार नाही.

कारण सांगायला मी बांधलेली नाही, पण तुम्ही सभ्यपणे लिहिलंत म्हणून सांगते. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मला सांगितलं होतं की पडद्यावर खांदा दिसेल. पोस्टरवर अख्खी उघडी पाठ होती, आणि ते पोस्टर माझ्या वडिलांच्या दुकानासमोरच्या भिंतीवर लागलं. त्यांनी नंतर मला घरात घेतलं नाही. पुढे मी इथे लग्न करून आले आणि एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुळे चिरले. चारशे पोरांना मिसो सूप वाढलं. गावात कोणाला काही ठाऊक नाही. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तो सिनेमा मी एकदाही पाहिलेला नाही.

तुम्ही आठवता. पडताना उजव्या हाताने हवेत काहीतरी पकडायचात, देवळातल्या घंटेची दोरी धरावी तसं. आणि डावा गुडघा आधी मोडायचात. वार खांद्यातून नाही, कंबरेतून काढ, हे मला तुम्हीच शिकवलंत. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते आता मानते.

एकच गोष्ट विचारते. शेवटच्या दिवशी तुम्ही नव्हता म्हणता, म्हणून तुम्हाला विचारायला सोपं जातं. बांबूची तलवार त्या पांढऱ्यात चमकेना, म्हणून दिग्दर्शकांनी माझ्या हातात लोखंडी दिली. धार नव्हती, पण टोक होतं. समोर गवती कोट आणि मोठी टोपी घातलेला माणूस होता, चेहरा दिसत नव्हता. वार करायचा आणि मागे न बघता चालत जायचं, असं ठरलेलं. मी चालत गेले. हाताला काहीतरी वेगळं लागलं होतं.

आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. प्रसंग संपला की मारणाऱ्याने मेलेल्याच्या खांद्यावर चिमूटभर मीठ टाकायचं, वाकून 'उठा, आभारी आहे' म्हणायचं. त्याने पडल्यापडल्या 'छान कापलंत' म्हणायचं आणि मग उठायचं. त्याशिवाय मरण अंगावरून उतरत नाही, मेलेल्याच्याही आणि मारणाऱ्याच्याही. मी चिमटीत मीठ घेऊन वळले, तर तो पालथा पडलेला, आणि मिठावर लाल पसरलेलं. आपलं रंगाचं रक्त केशरट असायचं. हे काळपट होतं. मला पुढे जाऊ दिलं नाही. रोजावर आणलेला माणूस आहे, खरचटलंय, घरी पाठवला, एवढंच म्हणाले. नाव कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी क्योतो सोडलं.

तो माणूस कोण होता, तुम्ही शोधू शकाल का? तो सापडला तर मी येईन. सिनेमासाठी नाही, त्याच्यासाठी.

ओकुमुरा किनुए

•

क्योतो
२ नोव्हेंबर २०१४

ओकुमुरा किनुएसान,

सापडला! जुन्या मंडळींत विचारपूस केली. नाव तोबे. ओसाकाला असतो, उदोन शेवयांचं दुकान आहे, आता पोरगा बघतो. कपाळावर जेमतेम तांदळाएवढा व्रण आहे. तुमचं नाव काढल्यावर खो खो हसला. म्हणाला, "ती बया अजून तेच धरून बसलीय? त्या दिवशी मला फुकटात सुट्टी मिळाली होती!" नातवंडं आहेत चार. एकूण मजेत आहे.

झालं तर मग. गाडीचं वेळापत्रक सोबत पाठवतो. कानाझावाला गाडी बदलावी लागते.

तोकुजी

•

इतोइगावा
१४ नोव्हेंबर २०१४

नोगामीसान,

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मग जमिनीवर बसले. बराच वेळ बसले होते. शेगडी बंद करायची राहिली आणि भात करपला. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी करपलेला भात हसत खाल्ला.

सोबत वाळवलेल्या मासळीच्या दोन जुड्या पाठवते, मी स्वतः वाळवली आहे. एक तोबेसानना द्या, एक तुम्हाला. त्यांचा पत्ता कळवा, मी वेगळं पत्र लिहीन.

एक विचारू का? तुमच्या उभ्या ओळी उजवीकडून सरकत कागदाच्या डाव्या कडेवर चढतात आणि तिथेच थांबतात, अक्षरं अर्धी राहतात. हात थरथरतो का?

किनुए

•

क्योतो
२९ नोव्हेंबर २०१४

किनुएसान,

मासळी उत्तम. तोबेची जुडी पोचती केली. काटे चोखून खाल्ले असं कळलं. तुम्हाला सांगतो, इतकी चविष्ट मासळी दोन माणसांच्या वाटणीची असली तरी एकटा माणूससुद्धा चार दिवसांत संपवू शकेल.

माझा हात ठणठणीत आहे. मेजाचा एक पाय आखूड आहे, म्हणून ओळी तशा जातात.

पत्त्याचं म्हणाल तर तोबे लाजतो. त्याला लिहिता-वाचता बेताचंच येतं. सारखं लोकांसमोर येणं त्याला जमत नाही. त्याने तुमचं सगळं माफ केलंय, म्हणजे माफ करण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही फक्त १४ फेब्रुवारीला या. मी दारात उभा राहीन.

इथे थंडी वाढलीय. मी खोलीत दिवसभर रेडिओ लावून ठेवतो. बातम्या ऐकायच्या नसतात, कोणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं.

तोकुजी

•

[नववर्षाचं कार्ड]
१ जानेवारी २०१५

नववर्षाच्या शुभेच्छा. मेंढीचं वर्ष तुम्हाला सुखाचं जावो.

मी ठरवलंय. दहा तारखेला ओसाकाला जाते. उदोनच्या दुकानांत विचारत फिरले तर तोबेसान सापडतीलच. लाजणाऱ्या माणसाला आधी कळवलं तर तो पळून जातो, म्हणून तुम्हीही सांगू नका. मीठ बरोबर नेत आहे.

किनुए

•

क्योतो
४ जानेवारी २०१५, जलद टपालाने

किनुएसान,

सणाच्या दिवसांत वाईट बातमी देतोय, क्षमा करा. तोबे गेला. ३१ तारखेला संध्याकाळी आंघोळीला बसला आणि तिथेच. त्रास झाला नाही. दुकान बंद केलंय, पोरगा बायकोच्या गावी जाणार असं ऐकतो. ओसाकाला जाऊ नका, भेटण्यासारखं तिथे कोणी नाही.

जायच्या आधी तो बोलला होता, त्या मीठवालीला म्हणावं, सिनेमा बघून ये.

तोकुजी

•

इतोइगावा
१५ जानेवारी २०१५

नोगामीसान,

सोबत उदबत्ती पाठवते. तोबेसानच्या घरी पोचवा, नाहीतर तुमच्या खोलीतच लावा.

दहा दिवस उशीर झाला मला. एक्केचाळीस वर्षं आणि दहा दिवस. मीठ मी कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवलं होतं, ते तिथेच आहे. आता येण्यात अर्थ नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

बाहेर छपरापर्यंत बर्फ आहे. आठवडाभर मी फक्त टपालवाल्याशी बोलले आहे. म्हणून एक गोष्ट तुम्हाला सांगते, अजून कोणालाच सांगितलेली नाही. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तो गेल्यावर मी त्याची गळाची पेटी आवरत होते. तळाशी, शिशाच्या गोळ्यांखाली, सिनेमाची तीन अर्धी तिकिटं होती. मार्च १९७४ ची, इथल्याच बंदरावरच्या थिएटरची. 'मीठवाली ओमित्सु'. म्हणजे लग्नाआधी त्याने तीनदा पाहिला होता, आणि मला ओळखून मागणी घातली होती. छत्तीस वर्षं मी त्याच्यापासून लपवत राहिले आणि तो मला लपवू देत राहिला. एका घरात दोघं जण एकच गोष्ट लपवत जगलो. हसावं की रडावं, सांगा.

तो असता तर विचारलं असतं, तुला मी कशी वाटले? आता कोणाला विचारू?

किनुए

•

क्योतो
२५ जानेवारी २०१५

किनुएसान,

उदबत्ती माझ्या खोलीत लावली. वास चांगला आहे.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही शहाणपण नाही. मी आयुष्यभर तोंड मिटून मरत आलो, वाक्य म्हणायची वेळ दोनदाच आली. पण तुमच्या नवऱ्याने तीनदा पाहिलेली गोष्ट तुम्ही एकदाही पाहू नये, हे मला बरं वाटत नाही.

हायामाने तुमच्यासाठी पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची धरून ठेवली आहे. रिकामी राहिली तर राहील. मी म्हातारा आहे, आग्रह करून करून थकलो.

तोकुजी

•

इतोइगावा
१७ फेब्रुवारी २०१५

तोकुसान,

मी आले होते.

तोंडावर मास्क, डोक्यावर लोकरी टोपी. फेब्रुवारीत सगळ्या म्हाताऱ्या तशाच दिसतात. तिकीट काढलं आणि पाचव्या रांगेत नाही, तर अगदी मागे, डाव्या भिंतीला लागून बसले. शेजारच्या पोरीच्या सदऱ्यावर मीच होते, कावड खांद्यावर घेतलेली. तिने मला गोळी देऊ केली. मी घेतली.

दिवे मालवण्याआधी तुम्हाला पडद्यासमोर आणलं. किती बारीक झालात! हायामा तुमच्या डावीकडे उभा राहिला आणि त्याने माईक पुढे केला. तुमचा हात दोनदा हवेत गेला, माईक सापडेना. मग तुम्ही सगळं अंग वळवलंत आणि घेतलात. तो पोरगा लोकांना कौतुकाने सांगत होता, "नोगामीसान २००१ पर्यंत मरत होते, आणि त्यांची एक खासियत होती, वार नेहमी उजवीकडूनच घ्यायचे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. १९७३ मध्ये तुम्ही दोन्हीकडून घ्यायचात. मीच मारत होते, मला माहीत नाही का?

मग सिनेमा सुरू झाला. माझ्या पाठीबद्दल काय सांगू? बावीस वर्षांच्या पोरीची पाठ, एवढंच. तिच्यासाठी वडिलांनी आयुष्यभर दार बंद ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला त्या पोरीची दया आली, आणि थोडा अभिमानही वाटला. वार कंबरेतून निघत होता.

मी तुम्हाला मोजत बसले. रखवालदार एक. होडीवाला दोन. शिपाई, भिक्षू, हातगाडीवाला. दर वेळी डावा गुडघा, मग उजव्या हाताने हवेतली दोरी. वेश्यागृहाच्या जिन्यावरून गडगडलात तो दहावा. तुम्ही पत्रात लिहिलंत तसे बरोबर दहा.

मग मिठाचा बर्फ आला. मी वार केला आणि मागे न बघता चालत निघाले. एक्केचाळीस वर्षं मी त्याच्यापुढचं पाहिलेलंच नव्हतं. पडद्यावर माझ्या मागे गवती कोटवाला माणूस उभा होता. त्याचा डावा गुडघा मोडला. उजवा हात वर गेला आणि त्याने दोरी धरली.

अकरा, तोकुसान.

डाव्या डोळ्यात लोखंडाचं टोक गेलेलं असताना माणसाने दोरी धरली! ओरडला नाही, प्रसंग बिघडू दिला नाही. आणि मग मला लिहितो, तापाने घरी पडलो होतो. मला उदोनवाला तोबे दिलात, त्याला चार नातवंडं दिलीत, माझ्या मासळीच्या दोन्ही जुड्या खाल्ल्यात, आणि मी ओसाकाला निघाले तर त्याला आंघोळीत मारून टाकलंत. माझीच उदबत्ती स्वतःच्या नावाने लावलीत! लाज वाटली नाही?

मी फार चिडले आहे. माझ्या सुखासाठी गप्प बसणारे तुम्ही दुसरे. पुरुषांना वाटतं, गप्प बसलं की माया झाली. त्या गप्प बसण्याच्या शेजारी बसून आम्ही एकट्या किती वर्षं काढायची, हा विचार कोणी करत नाही.

सिनेमा संपल्यावर तुम्ही दाराशी उभे राहून एकेकाला नमस्कार करत होता, आणि गर्दीवरून सारखे पायऱ्यांकडे बघत होता. मला शोधत होता. मी तुमच्या डाव्या हाताला आले, दोन हातांवर थांबले आणि वाकले. चांगली खाली वाकले. पुडी हातात होती. तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही पलीकडच्या पोराशी बोलत होता. माझ्या तोंडून 'उठा' हा शब्द निघाला नाही. मागच्या माणसाने ढकललं आणि मी रस्त्यावर आले. शेवटची गाडी गाठायची होती, असं मी स्वतःला सांगितलं.

मीठ या पाकिटात घातलं आहे. खांद्यावर टाकून घ्या. उठा. आभारी आहे.

ओकुमुरा किनुए

•

क्योतो
२३ फेब्रुवारी २०१५

किनुएसान,

मेजाचे चारही पाय सारखे आहेत. आधी हे कबूल करतो.

चूक माझी होती. लोखंडी तलवार आली तेव्हा मारणाऱ्याने नव्हे, मरणाऱ्याने अर्धं पाऊल मागे राहायचं असतं. मी पुढे गेलो. चमक चांगली यावी, पडद्यावर तुम्ही शोभून दिसावं, अशी हौस होती. आमच्या धंद्यात ज्याला खरंच लागतं तो कच्चा ठरतो, त्याला पुन्हा कोणी उभा करत नाही. म्हणून मीच दिग्दर्शकांच्या हातापाया पडलो, म्हटलं, रोजावरचा माणूस होता असं सांगा. डावा डोळा गेला, उजव्यावर अजून अठ्ठावीस वर्षं मेलो. कोणाला कळलं नाही. याचा मला फार अभिमान होता. तुम्ही त्या दिवसापायी काम सोडलंत, हे मला तुमच्या पहिल्या पत्रापर्यंत ठाऊक नव्हतं. वाटायचं, बाईने चांगलं स्थळ पाहून लग्न केलं असेल. ठाऊक असतं तर मी एक डोळा घेऊन चालत इतोइगावाला आलो असतो.

ऑक्टोबरात खरं लिहायला बसलो होतो. चार कागद फाडले. तुम्ही त्या माणसासाठी येणार होता. तो माणूस मीच आहे असं कळलं तर तुम्ही रडत याल, आणि मला कोणीतरी हसत शेजारी बसायला हवं होतं. तेवढ्यासाठी तोबे काढला. फार चांगला माणूस होता बिचारा. त्याची नातवंडं मला मनापासून आवडायची.

पाचव्या रांगेतली ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. मी तिच्यावर माझा कोट ठेवला होता, म्हणजे रिकामी दिसू नये.

तुमची पुडी परत पाठवतो आहे. टपालाने आलेलं मीठ चालत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही का? ते मारणाऱ्याच्या हातानेच पडायला हवं. आणि माझे दोन शब्द मी लिहून देणार नाही, ते जमिनीवर आडवं पडूनच म्हणायचे असतात. या वयात मी एकदाच पडू शकतो, पडल्यावर उठवायला माणूस लागतं. तेव्हा येताना पुडी पर्समध्ये आणि हात रिकामे ठेवा.

स्टेशनच्या मागे तांदळाचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली. रेडिओ ऐकू येईल. जिना अरुंद आहे आणि दार माझ्या डावीकडे उघडतं. ठोठावू नका, सरळ आत या, खोलीला वळसा घाला आणि उजव्या बाजूला येऊन बसा.

तोकुजी